राजाबाई टॉवर: दगड वाचला, आता आवाजाचं काय?

गिरगावकर

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे, म्हणजे फोर्टातल्या त्या उंच घड्याळ-मनोऱ्याचे, फोटो शोधायला गेलं तर ढिगाने सापडतात. समोरच्या ओव्हल मैदानावरून काढलेले, हायकोर्टाच्या बाजूने, पावसाळी आभाळापुढे, रात्री दिवे लागलेले. पण त्याचा आवाज शोधायला गेलो आणि हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. म्हणून हा धागा.

माझे वडील फोर्टात एका कचेरीत होते. शनिवारी अर्धा दिवस असायचा. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन चर्चगेटला उतरायची आणि ओव्हलच्या कुंपणाशी आम्ही त्यांची वाट बघत बसायचो. टॉवरवर दोनचे टोले पडले की आई पिशवीतून डबा काढायची, म्हणजे आता बाबा येणार. मला घड्याळ वाचता यायच्या आधी टोले मोजता यायला लागले ते तिथे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. सुरुवातीला त्याला स्वतःची वास्तूसुद्धा नव्हती, टाउन हॉलमधून कारभार चालायचा. प्रेमचंद रायचंद या कापूस आणि शेअरबाजारातल्या बड्या व्यापाऱ्याने १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि नंतर घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईचं नाव द्यावं एवढंच त्याचं मागणं होतं. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. पायाभरणी १ मार्च १८६९ ला झाली, काम १८७८ मध्ये पुरं झालं, एकूण खर्च साधारण साडेपाच लाख. उंची २८० फूट. त्या काळी मुंबईत याहून उंच काही नव्हतं.

२०१३ ते २०१५ या काळात दुरुस्ती झाली. इंडियन हेरिटेज सोसायटीने पुढाकार घेतला, टीसीएसने पैसे दिले आणि काम फार चांगलं झालं. त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण दगड आणि काचा वाचवताना जशी नोंद ठेवली गेली, तशी टोल्यांची कुणी ठेवली आहे का? जुन्या काळी सोळा घंटांवर सोळा वेगवेगळ्या सुरावटी वाजायच्या आणि दिवसातून चार वेळा त्या बदलायच्या. आता दर पंधरा मिनिटांनी एकच सुरावट ऐकू येते. कुणाकडे जुनं ध्वनिमुद्रण असेल, किंवा नुसती आठवण असेल, तर कृपया इथे लिहा.

बोरीबंदर

छान धागा! आम्हाला शाळेत बाईंनी सांगितलेली गोष्ट अशी: राजाबाई आंधळ्या होत्या. जैन असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं. दिसत नसल्याने वेळ कळायची नाही, म्हणून मुलाने टॉवर बांधला. संध्याकाळचे टोले ऐकून त्या जेवायला बसायच्या. मी ही गोष्ट माझ्या मुलांनाही सांगितली आहे.

ग्रंथपाल

बोरीबंदर, गोष्ट मलाही प्रिय आहे, पण ती इतिहास म्हणून सांगू नये असं मला वाटतं. प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला. तिथून फोर्टातल्या टोल्यांवर जेवणाची वेळ पाळायची हे जरा अवघडच आहे. शिवाय देणगी १८६४ ची आणि घंटा वाजायला चौदा वर्षं. चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम, पाळणाऱ्या आईची रोजची अडचण सोडवायला कुणी इतकी वाट बघणार नाही, घरात एक घड्याळ आणि हाक मारायला एक माणूस पुरतो.

खरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाल्यावर तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर आला. त्या पुरात बँका निघाल्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि बॅक बे रेक्लमेशनच्या शेअरमागे लोक वेडे झाले. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलैला, सौदे पुरे करायच्या दिवशी, शहराचं दिवाळं वाजलं. प्रेमचंदही बुडाले. पण विद्यापीठाला दिलेले चार लाख आधीच देऊन झाले होते. त्या तेजीतली किती कागदी संपत्ती एका दिवसात हवेत विरली. जी थोडी दगडात उतरली, ती आज आपल्यासमोर उभी आहे. पुढे त्यांनी पुन्हा जम बसवला, तो वेगळा विषय.

आईचं नाव द्यावं ही अट मात्र खरी आहे. त्या काळच्या मुंबईत सार्वजनिक वास्तूंना नावं कुणाची? गव्हर्नरांची, राणीची, नाहीतर देणगीदाराची स्वतःची. तिथे एका गृहिणीचं नाव शहरातल्या सर्वांत उंच इमारतीला लागलं. एवढं पुरे आहे, आंधळेपणाची जोड कशाला हवी?

बोरीबंदर

पटलं. आता मुलांना दोन्ही गोष्टी सांगीन, आणि दुसरी कागदोपत्री आहे हेही सांगीन.

रानवाटा

थोडं वेगळं लिहितो, रागावू नका. आमच्या भागात गढ्यांचे बुरूज दर पावसाळ्यात ढासळतात. देवळांपुढच्या दीपमाळा ऑइलपेंट फासून बुजल्या आहेत. त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. आणि इंग्रजांनी आपल्या थाटासाठी बांधलेल्या मनोऱ्यावर कोट्यवधी खर्च. ज्या घंटांवर राणीचं राष्ट्रगीत वाजायचं, त्यांचा आवाज जपायला आपण का धडपडायचं?

गिरगावकर

रानवाटा, रागवायचं काही कारणच नाही. बुरुजांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, त्यावर तुम्ही वेगळा धागा काढा, मी येतो.

पण हा मनोरा ‘इंग्रजांनी बांधला’ एवढ्यावर मी थांबणार नाही. स्कॉटसाहेबांनी नकाशे लंडनहून पाठवले, ते स्वतः हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. पैसा सुरतेच्या व्यापाऱ्याचा. दगड आपल्या कुर्ल्याच्या खाणीतला, फिकट पिवळसर. आणि कामावर देखरेख ठेवणारे सहायक अभियंता होते रावबहादूर मुकुंद रामचंद्र.

हे नाव मी मुद्दाम लिहितोय. टॉवरच्या अंगावर माणसांचे पुतळे आहेत, पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे. एकूण चोवीस. त्यांचे नमुने मुकुंद रामचंद्रांनी घडवले. पुढच्या खेपेला ओव्हलवर जाल तेव्हा दुर्बीण घेऊन जा. युरोपात अशा मनोऱ्यावर संत असतात, देवदूत असतात. इथे त्या जागी आपल्याकडची माणसं उभी आहेत, आपापल्या पोशाखात, आपापल्या शिरोभूषणासह. गॉथिक मनोऱ्याच्या कोनाड्यात आपल्या गल्लीतला माणूस उभा करायचा, हे लंडनला बसून जमणारं काम नव्हतं. स्कॉटचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे. मुकुंद रामचंद्रांचं नाव मला कितीतरी उशिरा, चाळिशी उलटल्यावर कळलं, याची खंत आहे.

रानवाटा

हे खरोखर माहीत नव्हतं. पुतळे बघायला येणार.

लंबक

मी घड्याळाच्या बाजूने लिहितो. हे यंत्र लंडनच्या ‘लंड अँड ब्लॉकली’ कंपनीने बनवलं.

मनोऱ्याचं घड्याळ म्हणजे काय चीज असते हे खालून कळत नाही. माझे मामा आमच्या गावच्या एका जुन्या सरकारी इमारतीवरचं असंच एक घड्याळ सांभाळायचे, राजाबाईपेक्षा खूपच लहान, पण जात तीच: वजनांवर चालणारं. सुटीत मी त्यांच्याबरोबर वर जायचो. लाकडी जिना, पारव्यांच्या विष्ठेचा वास, आणि मग एक छोटी खोली. तिच्या मधोमध बिडाच्या चौकटीत पितळी चाकं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं ते या गोष्टीचं, की यंत्र एवढंसं आणि बाहेरचे काटे माणसापेक्षा मोठे.

तीन रूळ होते. एक वेळ चालवणारा, एक तासाचे टोले देणारा, एक पावतासाचा. प्रत्येकाला पोलादी दोर गुंडाळलेला आणि दोराच्या टोकाला मनोऱ्याच्या पोटात लोंबणारं वजन. वजन हळूहळू खाली उतरतं आणि त्या जोरावर चाकं फिरतात. खाली टेकायच्या आत ते पुन्हा वर ओढून घ्यायचं, हेच किल्ली देणं. मामा दांडा बसवायचे आणि दोन्ही हातांनी फिरवायचे. प्रत्येक फेऱ्याला खटक्याचा टक्-टक् आवाज. वेळेच्या रुळाला फार कष्ट नसत. पावतासाच्या रुळाचं वजन सर्वांत जड, कारण घणाचे सगळ्यात जास्त ठोके त्यालाच पाडायचे असतात. तो गुंडाळून होईपर्यंत मामांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा.

मग लंबक. उन्हाळ्यात दांडी तापून किंचित लांबते आणि घड्याळ मागे पडतं. मामा लंबकाच्या गोळ्यावर एक तांब्याचं नाणं ठेवायचे, की चाल जराशी वाढायची. हिवाळ्यात ते काढून घ्यायचे. खिशात एक छोटा ट्रान्झिस्टर असायचा, आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या पिप-पिपशी वेळ ताडून बघायला. एक मिनिटाचा फरक निघाला तर दिवसभर त्यांना चैन नसे.

मामा निवृत्त झाल्यावर तिथे विजेवरचं यंत्र बसवलं. जुनं काढून भंगारात दिलं, किलोच्या भावाने. काटे अजून फिरतात, बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही. पण टोले बंद झाले ते झालेच.

म्हणून गिरगावकरांचा मुद्दा मला पटतो. दगडाची दुरुस्ती पन्नास वर्षांतून एकदा केली तर चालते. घड्याळाला नेमाने जिने चढून वर जाणारा माणूस लागतो. तो माणूस आणि त्याचा शिकाऊ हाताखालचा, या दोघांचा पगार कुठल्याच उद्घाटनाच्या पाटीवर येत नाही.

पंचांग

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर एक फार महत्त्वाचं प्रकरण राहून जाईल. या घड्याळाने सरकारशी भांडण केलेलं आहे.

प्रत्येक मोठ्या शहराची तेव्हा आपली वेळ असे, सूर्यावरून ठरलेली. मुंबईची ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रासची ५ तास २१ मिनिटं. रेल्वे आणि तारखातं मद्रासच्या वेळेवर चालायचं. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी हुकूम काढला, की मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांनीही मद्रास वेळ पाळावी. म्हणजे एका रात्रीत अर्धा तास पुढे. मुंबईकर खवळले. आमचा सूर्य आमच्या डोक्यावर येतो तेव्हा बारा, मद्रासच्या डोक्यावर येतो तेव्हा नव्हे!

राजाबाई टॉवरचं घड्याळ विद्यापीठाचं, आणि ते मुंबईची वेळ दाखवत राहिलं. रात्री तबकड्या उजळायचा खर्च सरकार देत असे. सरकारने सांगितलं, घड्याळ सरकारी वेळ दाखवणार नसेल तर दिव्याचे पैसे मिळणार नाहीत. १८८३ मध्ये विद्यापीठाच्या सिनेटसमोर हा प्रश्न आला आणि मोठ्या बहुमताने ठरलं: मुंबईचीच वेळ. शेवटी सरकारलाच मद्रास वेळेचा हट्ट सोडावा लागला.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. पुन्हा गदारोळ. गिरणीत भोंगा ३९ मिनिटं आधी होणार म्हणजे काळोखात घर सोडावं लागणार, म्हणून त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम सोडून दगडफेक केली. नगरपालिकेने मुंबई टाइम धरून ठेवला आणि शहरात दोन वेळा नांदू लागल्या, त्या पुढे चाळीसहून अधिक वर्षं.

माझ्याकडे आजी-आजोबांची लग्नपत्रिका आहे. गुलाबी कागद, घड्यांवर विरलेला. मुहूर्तापुढे कंसात छापलंय, ‘स्टँ. टा.’. लहानपणी मला ते एखाद्या पदवीसारखं वाटायचं. आजीने सांगितलं, अगं ते स्टँडर्ड टाइम, ते लिहिलं नाही तर अर्धे पाहुणे अक्षता पडून गेल्यावर यायचे.

बोरीबंदर

स्टँ. टा.!! आमच्याकडच्या जुन्या पत्रिकांवरही आहे. आज कळला अर्थ.

ग्रंथपाल

पंचांग, उत्तम प्रतिसाद. एक जोडतो: दिवे बंद करायची धमकी का परिणामकारक होती तेही लक्षात घ्या. ओव्हलच्या पश्चिमेला आज ज्या आर्ट डेको इमारती आहेत त्या १९३० नंतरच्या, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरच्या. टॉवर बांधला तेव्हा समुद्र जवळ होता आणि मध्ये काहीच उंच नव्हतं. उजळलेली तबकडी केवढ्या अंतरावरून दिसत असेल!

चुन्याची घाणी

दगडाबद्दल लिहायला हवं, कारण ‘दगड वाचला’ हे शीर्षक वाचून लोकांना ते सोपं वाटेल. मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत काम करतो. राजाबाईच्या कामावर मी नव्हतो (त्याच्या संवर्धन वास्तुविशारद होत्या ब्रिंदा सोमाया), पण समुद्राकाठच्या इमारतींचे आजार सगळीकडे सारखेच.

पहिला आजार सिमेंट. जुनी बांधकामं चुन्यात असतात. चुना मऊ असतो, श्वास घेतो. पावसाचं पाणी भिंतीत शिरतं आणि ऊन पडलं की सांध्यांतल्या चुन्यातून निघून जातं. मधल्या काळात कुणीतरी मजबुतीच्या नादात सांधे सिमेंटने बुजवतं. आता पाण्याला सांध्यातून वाट नाही, मग ते दगडातून बाहेर पडतं. येताना क्षार घेऊन येतं, ते दगडाच्या कातडीखाली साचून फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. बघणारा म्हणतो दगड हलका होता. दगड चांगला होता हो, त्याचं नाक दाबलं आपण.

दुसरा लोखंड. नक्षीचे दगड एकमेकांना धरून ठेवायला आत लोखंडी पट्ट्या घालत. खाऱ्या हवेत त्या गंजतात. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं. अशा जागी गंजलेला तुकडा हलकेच काढून स्टेनलेस स्टीलचा घालावा लागतो. तिसरा पिंपळ. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं, दोन पावसांत बोटभर रोप, आणि वरून कापलं तरी मूळ आत जिवंत. चौथी काजळी. रस्त्यावरच्या धुराचा काळा थर खरवडून काढायचा मोह होतो, वाळूचा फवारा मारला तर इमारत एका दिवसात पिवळीधमक दिसते, पण तिची वरची कातडी गेलेली असते.

एका कामावर मी सहा महिने एवढंच केलं: परांचीवर बसून छोट्या टाकीने सांध्यातलं सिमेंट काढायचं, दगडाच्या कडेला धक्का न लावता. दिवसाला हातभर, कधी दीड हात. मग चुना. तो आधी पाण्यात मुरवलेला, चाळलेला, वाळूबरोबर मळलेला. भरून झालं की ओलं गोणपाट लावून ठेवायचं, कारण चुना घाईने सुकला तर भुसभुशीत होतो. एका जागी आम्ही हे सगळं करून गेलो आणि पुढच्या वर्षी तिथल्या देखभालवाल्यांनी गळती दिसली म्हणून परत सिमेंट थापलं. बघून घसा दाटून आला. वाईट हेतू नव्हता त्यांचा, कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

काचकाम

ग्रंथालयाच्या रंगीत काचांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! शहरातल्या सर्वांत सुंदर काचांपैकी आहेत त्या. वाचनकक्षाच्या सागवानी छताखाली दुपारी उभं राहिलं की जमिनीवर रंग सरकताना दिसतात. २०१३ च्या कामात काचांची जबाबदारी स्वाती चांदगडकर यांच्याकडे होती.

अशा काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या असतात. शंभर-सव्वाशे वर्षांत शिसं थकतं, सांधे तडकतात, तावदान पोटासारखं पुढे येतं. मग ते उतरवून त्याची कागदावर छाप घेतात, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात, सुटं करून साफ करतात आणि नव्या शिशात परत जुळवतात. पुसायचं म्हणजे घासायचं नाही, नाहीतर भट्टीत भाजलेली रेघ निघून जाते. फुटकी काच फेकून नवी घालणं सोपं. जुनीच सांधून परत बसवणं हे खरं काम.

रानवाटा

काका-ताईंनो, हा धागा वाचून मन बदललं म्हणा. पण एक प्रश्न. २०१८ मध्ये ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या ९४ इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या, टॉवर त्यांत आहे. मग सामान्य माणसाला वर का जाता येत नाही? जे बघता येत नाही ते लोक जपतील कसं?

ग्रंथपाल

यामागे जुनं दुःख आहे. १८९१ च्या एप्रिलमध्ये दोन पारशी तरुणी या टॉवरवरून पडून मरण पावल्या. त्या प्रकरणाने अख्खं शहर हादरलं, खटला चालला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्यानंतरही वरून उड्या मारण्याच्या घटना घडल्या आणि टॉवर लोकांसाठी बंद झाला. माझं मत स्पष्ट आहे: वर गर्दी नको. गोल जिना अरुंद आहे, माणसं समोरासमोर आली तर वाट नाही.

लंबक

ग्रंथपाल, अरुंद जिन्याचं मान्य. पण वर्षातून काही ठरावीक दिवशी, नाव नोंदवलेल्या दहा-बारा जणांना, देखरेखीखाली घड्याळाच्या खोलीपर्यंत नेता येईल. सज्जावर नाही, फक्त यंत्रापर्यंत. ज्या पोराने एकदा लंबक हलताना जवळून पाहिला, तो पुढे नगरसेवक झाला तरी घड्याळ भंगारात देणार नाही.

ग्रंथपाल

यंत्रापर्यंत... हो, याला माझा विरोध नाही. सज्जाला मात्र कुलूपच हवं.

पंचांग

फोर्टातच बाझारगेटजवळ बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोरा आहे, १८८२ चा, अग्यारीच्या धाटणीचा. कित्येक वर्षं बंद पडून त्याची रया गेली होती. काही वर्षांपूर्वी तो दुरुस्त होऊन घड्याळ पुन्हा चालू झालं. तेव्हा होतं, मनात आणलं तर होतं.

बोरीबंदर

एक सुचवू का? राणीचं राष्ट्रगीत गेलं ते बरंच झालं. पण सोळा घंटा आहेत, मग त्यांच्यावर एखादी भूपाळी का वाजू नये? सकाळी सहाला ओव्हलवर भूपाळी!

लंबक

कल्पना गोड आहे. पण अशा यंत्रात सुरावट एका रुळावर खुंट्यांनी कोरलेली असते, चावीच्या खेळण्यातल्या बाजासारखी, फक्त प्रचंड. खुंटी तरफ उचलते, तरफ घण उचलते. नवी सुरावट म्हणजे नवा रूळ. आणि घंटांचे सूर ओतताना ठरून गेलेले, पाश्चात्त्य पट्टीतले. भूपाळीची मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घंटेतून निघणार नाही. जुना रूळ खरवडण्यापेक्षा जे आहे ते आधी नीट नोंदवून ठेवावं: कुठली घंटा कुठल्या सुरात, कुठला घण कुठे पडतो. त्यानंतर शंभर वर्षांनी कुणाला भूपाळी हवी असेल तर तो वेगळा रूळ बनवील.

बोरीबंदर

बरं. मग आधी नोंद. गिरगावकर, मूळ प्रश्नावर परत येऊ, ध्वनिमुद्रण कुणाचं मिळालं का?

काचकाम

मी घरी विचारलं. माझी मावशी विद्यापीठाच्या आवारात परीक्षा विभागाजवळ कामाला होती. तिच्या निरोप समारंभाची कॅसेट तिच्याकडे आहे, १९८६ ची. काल आम्ही दोघींनी ती लावली. आधी पट्टी अडकली, मग पेन्सिल घालून फिरवली. साहेबांचं भाषण चालू आहे, कपबशांचा आवाज, कुणीतरी खोकतंय, आणि मागून पावतासाचे टोले. साहेब मध्येच थांबतात. टोले पुरे होईपर्यंत कुणीच बोलत नाही. मावशी म्हणाली, तिथे सगळ्यांना सवयच होती, टोले पडताना वाक्य अर्धं सोडायची. मग साहेब ‘तर’ म्हणून पुढे सुरू करतात.

साधारण वीस सेकंद आहेत. खरखर आहे, पण सूर ओळखता येतात.

लंबक

ताई, ती कॅसेट आता पुन्हा वाजवू नका. प्रत्येक वेळी पट्टी झिजते. माझ्याकडे चांगला डेक आहे, एकदाच लावून संगणकावर उतरवून घेऊ. मी दादरला येऊ शकतो, किंवा तुम्ही सांगाल तिथे.

गिरगावकर

मी पण येतो. आणि येताना आईला घेऊन येईन. तिला आता फार दिसत नाही, पण ते टोले ती ओळखेल.